दोन वर्षं तयारी, एक वर्ष काम

३१ मे २०२४ ला माझं जर्मनीतलं स्वयंसेवेचं वर्ष संपलं. मधल्या काळात अकोल्याहून, पुण्याहून, कुणाच्या तरी मावसबहिणीकडून असे बरेच मेसेज आले. ताई, कशी गेलीस, किती लागले, एजंट कोण? प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. एजंटचं उत्तर आधीच देते: कोणी नाही. एकाला दिलेले ११,००० बुडाले, ते पुढे येईलच.

मी पुण्यात एका विमा कंपनीत क्लेमच्या टेबलावर होते. हातात ४६,००० यायचे, खोली कोथरूडला. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत सोसायटीतल्या आम्ही चौघीजणी घरात अडकलेल्या पेशंटना डबे पोचवत होतो. बाराला लॅपटॉप मिटायचा, तीस-पस्तीस डबे भरायचे, दारांबाहेर ठेवून यायचे, दोनला परत लॉगिन. डबे बंद झाले तेव्हा लक्षात आलं की तो दीड महिना मला गाढ झोप लागत होती आणि आता परत लागत नाहीये. सेवेची तळमळ वगैरे काही नव्हती. क्लेम नाकारताना पलीकडचा माणूस दिसत नाही, डबा ठेवल्यावर दार उघडताना दिसतो, इतकाच फरक.

ऑफिसातल्या एका मल्याळी मैत्रिणीचा भाऊ जर्मनीत वृद्धाश्रमात 'सामाजिक वर्ष' करत होता. चौकशी केली तर त्या योजनेला २७ ची अट, आणि मी तेव्हा २९ ची. तिनेच सांगितलं की दुसरी एक योजना आहे, तिला वरची वयोमर्यादा नाही. नाव तोंडभर आहे, बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट. काम करणाऱ्यांना सगळे 'बुफ्दी' म्हणतात. जर्मनीने २०११ मध्ये सक्तीची लष्करी भरती थांबवली. तोवर जी मुलं बंदूक नको म्हणायची त्यांना त्याऐवजी इस्पितळात, आश्रमात काम करावं लागायचं. भरती थांबली तशी ही मुलंही यायची थांबली आणि सगळीकडे हात कमी पडले. ती जागा भरायला १ जुलै २०११ पासून ही योजना आली. सहा ते अठरा महिने, बहुतेक लोक बारा करतात. पगार नाही. खिशाखर्च, विमा, आणि जागा देणारी संस्था असेल तर राहणं-खाणं.

घरी फोनवर सांगितलं. आई जरा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "काऊन वं, अकोल्यातले म्हातारे-कोतारे संपले काय?"

याला माझ्याकडे तेव्हाही धड उत्तर नव्हतं, आजही नाही. अकोल्यात राहून हेच काम करता आलं असतं का? आलं असतं. पण अकोल्यात मी ते केलं नसतं, लग्न केलं असतं. हे आईला बोलले नाही.

जून २०२१ मध्ये पुण्याच्या माक्सम्युलर भवनात जर्मनच्या ए-१, म्हणजे पहिल्या पायरीला नाव घातलं, क्लास ऑनलाइन. सकाळी क्लास, दिवसभर ऑफिस, रात्री क्रियापदं. ए-१, ए-२, बी-१ असं करत मे २०२२ उजाडला. बी-१ च्या परीक्षेचे चार भाग असतात, वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं. प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. ऐकण्यात मला ५३ पडले. बाकीचे तीन सुटले होते, तेवढे जमा राहतात, नापास झालेला एकच भाग परत देता येतो, हे मला माहीत नव्हतं आणि मी दोन दिवस रडून काढले. जुलैत तो एक भाग दिला, ६७ आले. मधल्या दोन महिन्यांत भांडी घासताना जर्मन रेडिओच्या बातम्या लावायचे, कळो न कळो. क्लास, परीक्षा, पुस्तकं धरून भाषेवर ९०,००० च्या वर गेले. या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात मोठा खर्च हाच. इथे काटकसर करू नका. काही संस्था ए-२ वरही घेतात, पण तिथे आल्यावर जे हाल होतात ते मी बी-१ असूनही भोगलेत.

ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२२ मी अर्ज करत होते. एकूण २३ ई-मेल. उत्तरं सहा, त्यातली चार नकाराची. दोन ठिकाणी व्हिडिओ कॉल झाले. एका बाईंनी विचारलं, "प्रौढ माणसाला आंघोळ घालू शकशील? पुरुषाला?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, कधी घातली नाही, शिकवलं तर घालेन. त्यांनीच नोव्हेंबरात होकार कळवला. स्टुटगार्टपासून तासाभरावर, श्वाबन भागातलं छोटं गाव. बौद्धिक अपंगत्व असलेल्या अकरा प्रौढांचं घर. खिशाखर्च महिना ४०० युरो, घराच्या वरच्या मजल्यावर खोली, जेवण तिथलंच.

आता ते अकरा हजार. एका एजंटने छातीठोक सांगितलं की डिग्री, जन्मदाखला सगळ्याला अपॉस्टिल (कागद परदेशात खरा धरावा म्हणून मारतात तो) शिक्का लागतो, त्याशिवाय जर्मनी बघतसुद्धा नाही. मी घाबरून दिले. नंतर संस्थेला विचारलं तर त्यांना तो शिक्का काय हेच कळेना. भारत अपॉस्टिलच्या करारात २००५ मध्ये गेला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत घेतली, त्यामुळे भारतीय कागदावरचं अपॉस्टिल जर्मनीत चालतच नाही. म्हणजे ज्या एका देशात जायचं होतं तिथेच त्या शिक्क्याचा उपयोग नव्हता. एजंट म्हणाला, "मॅडम, असूद्या, कधीतरी कामात येईल."

खरं जे लागलं ते असं. करारपत्र, बी-१ चं प्रमाणपत्र, मी का येते आहे याचं जर्मनमधलं पत्र, राहण्या-खाण्याची सोय लिहून दिलेली, आणि पोचल्यापासून काम सुरू होईपर्यंतच्या दिवसांचा प्रवासी विमा. राहणं, जेवण आणि खिशाखर्च करारातच असल्याने बँकेत लाखो रुपये गोठवून ठेवावे लागले नाहीत. विद्यार्थ्यांना लागतं ते खातं मला कोणी मागितलं नाही. पोलिसांचा चारित्र्य दाखला संस्थेला हवा होता. तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो, फी ५०० रुपये. माझा पत्ता पुण्याचा असल्याने हवालदार घरी आले, चहा घेतला, विचारलं, "तिकडे पगार किती?" मी सांगितलं. त्यांनी परत माझ्याकडे बघितलं. संस्थेला गोवराच्या लसीचा पुरावाही हवा होता. लहानपणीचं कार्ड आईला सापडेना, तेव्हा दोन डोस नव्याने घेतले, मध्ये महिन्याचं अंतर ठेवून. हे आधी करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात होत नाही.

करारपत्रावर तीन सह्या लागतात. तुमची, संस्थेची आणि कोलोनला असलेल्या त्या योजनेच्या सरकारी कार्यालयाची. तिसरी सही नसेल तर तो कागद म्हणजे नुसती इच्छा. मला सह्या पूर्ण झालेली प्रत जानेवारी २०२३ मध्ये मिळाली. मुंबईतल्या व्हिसा केंद्राची तारीख मिळाली २७ फेब्रुवारी. पहाटेची बस धरून गेले. फी ७५ युरोइतके रुपये, वर केंद्राचा सेवाखर्च, सगळे मिळून आठेक हजार. खिडकीवरच्या मुलाने कागद मोजून घेतले, बोटांचे ठसे घेतले, वीस मिनिटांत मी बाहेर. इतक्या तयारीनंतर वीस मिनिटं फार अपमानास्पद वाटतात.

मग शांतता. काम १ एप्रिलला सुरू व्हायचं होतं. मार्च संपत आला तरी पासपोर्टचा पत्ता नाही. मी घाईघाईने फेब्रुवारीतच राजीनामा दिला होता, ही माझी सगळ्यात मोठी चूक. व्हिसा हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, नोटीस कितीही लांब असो. २९ मार्चला कॉन्सुलेटमधून ई-मेल आला की या वयात, नोकरी सोडून, बिनपगारी काम का, याचा खुलासा करा. माझ्या आधीच्या पत्रात 'आंतरसांस्कृतिक', 'समाजाप्रती' असे भारीभारी शब्द होते, इंटरनेटवरच्या नमुन्यातले. या वेळी ते सगळे काढून टाकले. डब्यांचं लिहिलं, क्लेमच्या टेबलाचं लिहिलं, आणि पुढे याच कामाचं शिक्षण घ्यायचं आहे हे लिहिलं. पाऊण पान झालं. संस्थेने तारीख १ जून करून सुधारित करार पाठवला, त्यावर पुन्हा तिसरी सही.

एप्रिलमध्ये कोथरूडची खोली सोडून अकोल्याला गेले. ४३ अंश, कूलर, आणि रोज संध्याकाळी कोणीतरी येऊन "मग, कधी निघायचं?" बाबांनी एकदाही विचारलं नाही. ते रोज सकाळी पेपर वाचून झाल्यावर फाटकापर्यंत जायचे, कुरिअरवाला येतो का बघायला, आणि झाडाला पाणी घालायचं निमित्त करायचे. ४ मे ला पासपोर्ट आला. तिकीट ५२,००० ला पडलं.

२८ मे २०२३ ला रात्री निघाले, सोमवारी २९ ला पोचले. तारीख निवडताना एक गोष्ट बघितली नाही. तो सोमवार पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाच्या सुट्टीचा होता. आधी रविवार, मग सुट्टीचा सोमवार, सलग दोन दिवस सगळी दुकानं बंद. खोलीवर पोचले तर कोणी नव्हतं, किल्ली कुंडीखाली. आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांवर पहिले दोन जेवणं निघाली. जर्मनीला यायची तारीख ठरवताना तिथल्या त्या राज्यातल्या सुट्ट्या बघा. पुढच्याच आठवड्यात, ८ जूनला, आणखी एक आली.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. त्याला घरमालकाचा सही केलेला कागद लागतो, तो संस्थेने दिला. यावरून पुढचं सगळं, कर क्रमांक, बँक खातं, आरोग्य विम्याचं कार्ड. सगळं पोस्टाने येतं. आणि इथे मी दोन आठवडे वाट बघत बसले, काही आलंच नाही. कारण खालच्या पत्रपेटीवर माझं आडनाव चिकटवलेलं नव्हतं! पेटीवर नाव नाही म्हणजे तो माणूस तिथे राहत नाही, पोस्टमन पत्र परत पाठवतो. बँकेचा पिन परत गेला, कर क्रमांक परत गेला. पोचल्या दिवशी सेलोटेप आणि कागदाची चिठ्ठी, बाकी सगळं नंतर.

नावावरून आठवलं. पासपोर्टात माझ्या नावाच्या रकान्यात माझं आणि बाबांचं नाव जोडून आहे. संस्थेच्या छपाईत काय झालं कोण जाणे, कामाच्या बिल्ल्यावर नुसतं बाबांचं नाव आलं. बदलून मिळायला तीन आठवडे गेले, तोवर सगळे मला त्याच नावाने हाक मारत होते. फोटो पाठवला तर बाबा म्हणाले, "म्हणजे मीच लागलो नोकरीले."

भाषेचा पहिला दणका कामाच्या चौथ्या दिवशी बसला. टीम लीडर बाई जाताजाता म्हणाल्या, उद्या 'फिअर्टल सीबन'. फिअर्टल म्हणजे पाव, सीबन म्हणजे सात. क्लासमध्ये 'सातनंतर पाव' असं शिकवलेलं, तेव्हा मी सव्वासात धरलं. तर या भागात 'पाव सात' म्हणजे सव्वासहा. सहा वाजून गेले, सातव्या तासाचा पाव हिस्सा झाला, असा हिशेब. मी तासभर उशिरा. रात्रपाळीची बाई माझ्यासाठी थांबून राहिलेली. कोणी ओरडलं नाही, त्याने जास्तच लाज वाटली. त्या दिवशी न्याहारीला घरातल्या एका रहिवाशाने, ज्यांना गावातल्या सगळ्या बसच्या वेळा तोंडपाठ आहेत, मला घड्याळ शिकवायचं मनावर घेतलं. पाव सात, अर्धा सात, पाऊण सात. 'पाऊण सात' म्हणताच माझ्या डोक्यात दिवा लागला. पावणेसात! आपणही तर सातचा पाऊणच म्हणतो. फिअर्टलला सव्वा म्हणायचं आणि तास एकने कमी करायचा, बस्स. तेव्हापासून वेळा मी मनात मराठीत करून घेते.

श्वाबनमधली बोली क्लासातल्या जर्मनपासून बरीच लांब आहे. कशालाही 'ले' लावतात, थोडंसं म्हणजे बिस्ले, छोटं घर म्हणजे हॉयस्ले. पुण्यात आठ वर्षं माझ्या मले-तुलेला हसून घेतलेल्या मैत्रिणींना मी हे मुद्दाम कळवलं. आणि जिना पुसायच्या पाळीला इथे 'केरवोखे' म्हणतात, वोखे म्हणजे आठवडा. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. केर शब्दातच आहे, लक्षात ठेवायला सोपं.

कामाचं काय सांगू. पहिले चार महिने मी मदत कमी आणि अडचण जास्त होते. आठवड्याला ३९ तास, सकाळपाळी-दुपारपाळी, महिन्यातले दोन शनिवार-रविवार. उठवणं, आंघोळ, कपडे, न्याहारी, काहींना कार्यशाळेच्या गाडीत बसवणं, कपडे धुणं, दवाखान्यात सोबत. औषधं द्यायची परवानगी बुफ्दीला नाही, आणि कोणी द्यायला सांगितलं तर नाही म्हणायचं. करारात काय आहे ते वाचून ठेवा, माणसं कमी असली की कामं सरकत सरकत तुमच्याकडे येतात.

एका आजींना पातळ काही गिळता येत नाही, पाणी श्वासनलिकेत जातं. त्यांच्या पाण्यात पावडर घालून ते घट्ट करायचं. लगेच ढवळायचं, मग मिनिटभर थांबायचं. ढवळायला उशीर झाला की गुठळ्या. साबुदाण्याची खळ जमते तशी कड दिसली की झालं. मग चमच्याने, अर्धा चमचा, गळ्याची हालचाल बघायची, मगच पुढचा. एक पेला पाण्याला वीस मिनिटं. क्लेमच्या टेबलावर वीस मिनिटांत मी चार फायली काढायचे. पहिल्या आठवड्यात त्या वीस मिनिटांत माझा पाय सतत हलायचा. आजींनी एकदा गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. बोलता येत नाही त्यांना.

व्हिसा तीनच महिन्यांचा होता, पुढे राहण्याचं कार्ड काढायचं असतं. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला जूनमध्ये ई-मेल केला, भेट मिळाली सप्टेंबरमध्ये. मधल्या काळासाठी एक तात्पुरता कागद देतात, तो मागून घ्यावा लागतो, आपणहून कोणी देत नाही. कार्डाची फी १०० युरो, म्हणजे माझ्या महिन्याच्या खिशाखर्चाचा चौथा हिस्सा.

वर्षभरात सेमिनारचे दिवसही असतात. नोव्हेंबरात आम्हाला ग्राफेनेकला नेलं. श्वाबनच्या डोंगराळ भागातला जुना वाडा. १९४० या एका वर्षात नाझींनी तिथे १०,६५४ अपंग आणि मनोरुग्ण माणसं गॅसने मारली. करड्या बसमधून आणायची आणि त्याच दिवशी संपवायची. घरच्यांना खोट्या आजाराचं पत्र जायचं. आज तिथे स्मारक आहे, आणि बाजूलाच अपंग माणसं राहतात, काम करतात. आम्ही उभे होतो तिथून एकजण हातगाडी ढकलत गेला, आम्हाला 'ग्र्युस गॉट', म्हणजे इथला नमस्कार, म्हणाला. परत येताना बसमध्ये कोणी बोललं नाही. मी आमच्या घरातली अकरा माणसं एकेक करून मोजत होते. अकराही त्या यादीत बसली असती. संध्याकाळी दुपारपाळीत पोचले तर बसच्या वेळा पाठ असणारे काका रागावलेले, की तुमची गाडी नऊ मिनिटं उशिरा का.

१२ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन, माझी दुपारपाळी. जानेवारी वाईट गेला. संध्याकाळी लवकर अंधार, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिकडे, मी इकडे. परत जायचं तिकीट दोनदा बघून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे मी राहते त्या जर्मन राज्याशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा नातेवाइकांचे फोन वाढले. आता सरकारच पाठवतं म्हणे, तू उगाच एवढी खटपट केलीस. त्यांना सांगितलं तेच इथे सांगते. ती नोकरीची वाट आहे, पगाराची. ही वेगळी. घरी पैसे पाठवायचे असतील तर बुफ्दी होऊ नका. ४०० युरोत माझं भागलं, कारण भाडं आणि जेवण नव्हतं. तेव्हा ४९ युरोला मिळणारं देशभर चालणारं महिन्याचं तिकीट, फोन, थोडी वाणसामानाची हौस, संपले. बचत महिन्याला साठ-सत्तर युरो, ती हिवाळ्याच्या बुटांत गेली. निघण्याआधी जमवलेल्या साडेतीन लाखांतले पावणेतीन खर्च झाले होते, भाषा, व्हिसा, तिकीट, आणि बिनपगारी बसलेले दोन महिने धरून.

एप्रिलमध्ये याच संस्थेत तीन वर्षांच्या शिक्षणासाठी अर्ज केला, अपंग व्यक्तींच्या सोबतीचं आणि शुश्रूषेचं. करार झालाय, सप्टेंबरला सुरू. त्यात पगार असतो. राहण्याचं कार्ड बदलायचा अर्ज मुदत संपायच्या आधीच दिला, भेटीची तारीख अजून आलेली नाही, तात्पुरता कागद या वेळी स्वतःहून मागितला. तोपर्यंत खोली तीच आहे. पत्रपेटीवरची चिठ्ठी उन्हाने पिवळी पडलीय, ती बदलायची आहे, आणि या आठवड्यात केराची पाटी माझ्या दाराला आहे.